ग्रिडशी सूत जुळवताना

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग करून आयटीत गेलेल्या माणसाबद्दल नातेवाइकांचा एक गोड गैरसमज असतो. या मुलाला विजेतलं सगळं कळतं! गेली सहा वर्षं मी हिंजवडीत बसून दुसऱ्याच्या देशातल्या बँकेचे सर्व्हर सांभाळतोय, पण लग्नकार्यात फ्यूज उडाला की अजूनही सगळ्या माना माझ्याकडे वळतात.

त्यामुळे मामाचा फोन आला तेव्हा नवल वाटलं नाही. "शनिवारी ये. जनरेटरवाला येणारे, तू समोर पाहिजेस. मला त्याचं इंग्रजी कळत नाही."

मामाचं भुशीला हॉटेल आहे, चोवीस खोल्यांचं. भुशी म्हणजे तेच धरण, ज्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं बसलेलं असतं. जीआयपी रेल्वेने एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून ते बांधलं. इंजिनं गेली, पाणी राहिलं, आणि आता त्या पाण्यावर मामासारख्यांची पोटं चालतात.

तर मामाची अडचण अशी. लोक दिवसभर पाण्यात भिजतात, कुडकुडत सहा वाजता खोलीवर परततात आणि गिझर लावतात. सगळे एकदम! चोवीस गिझर, प्रत्येकी दोन किलोवॅट, म्हणजे अठ्ठेचाळीस तिथेच झाले. वर ओले कपडे सुकवायची यंत्रं, स्वयंपाकघर, लिफ्ट. मंजूर भार साठ किलोवॅटचा, आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी मीटर पंच्याऐंशीला टेकतो. जास्तीच्या भाराला डिमांड चार्ज दीडपट लागतो. भार वाढवून मागावा तर रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर आधीच भरलेला, म्हणजे नवीन ट्रान्सफॉर्मरच्या खर्चाची गोष्ट आली.

आणि मागच्या अंगणात 125 केव्हीएचा जनरेटर नुसता उभा! एमएसईबीची लाइट गेली तरच धावणार. (2005 साली मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, पण भुशीत लाइट जाते ती अजून एमएसईबीचीच.)

जनरेटरवाल्याचा प्रस्ताव ऐकायला इतका सोपा होता की मामाचा चेहराच उजळला. "दोन्ही एकदम चालवू. साठ त्यांची, पंचवीस आपली. एक सिंक्रोनायझिंग पॅनल बसवलं की झालं."

एकदम चालवायची. म्हणजे पॅरललला. या एका शब्दावर आमचा तो अख्खा शनिवार गेला.

आता तुमच्या सोसायटीतला जनरेटर असा चालत नाही बरं का. तिथे चेंजओव्हर असतो. लाइट जाते, दहा-पंधरा सेकंद अंधार, लिफ्टमध्ये अडकलेल्या काकू ओरडतात, मग जनरेटर भार उचलतो. स्विच एक तर इकडे किंवा तिकडे. दोन्ही एका वेळी घराला कधीच जोडलेले नसतात, आणि तसं होऊ नये म्हणून मध्ये इंटरलॉक बसवलेला असतो. एका म्यानात दोन तलवारी नकोत, एवढंच त्याचं काम.

पॅरललमध्ये दोन्ही तलवारी एकाच म्यानात घालायच्या असतात.

कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आम्हाला हे प्रॅक्टिकल होतं. अल्टरनेटर फिरवायचा आणि चालू बसबारला जोडायचा. अटी चार. व्होल्टेज सारखं हवं, फ्रिक्वेन्सी सारखी हवी, तिन्ही फेजचा क्रम तोच हवा, आणि जोडायच्या क्षणी दोन्हीकडच्या लाटा एकमेकींवर बरोब्बर बसलेल्या हव्यात. त्यासाठी तीन दिवे लावलेले असायचे. दोन यंत्रांच्या वेगात जितका फरक, तितक्या झपाट्याने ते उजळायचे आणि विझायचे. वेग जुळत आला की दिवे संथ व्हायचे, अगदी श्वास घेतल्यासारखे. सर म्हणायचे, थांबा... थांबा... हां, आता! आणि स्विच टाकायचा. नीट जमलं तर आवाजसुद्धा होत नाही. काही झालं असं वाटतच नाही.

नाही जमलं तर? लाटा अगदी उलट असताना जोडलं तर त्या क्षणी दोघांमध्ये दुप्पट व्होल्टेज उभं राहतं आणि ग्रिड तुमच्या यंत्राला एका झटक्यात आपल्या तालावर ओढते. कपलिंग तुटतं, शाफ्ट पिळवटतो. ग्रिडला काहीच होत नाही. तिच्यासाठी तो डास चावण्याएवढाही प्रकार नसतो.

आकडे बघा. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड बाकीच्या देशाशी एक झाली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळी मोठी जनित्रं एकाच ठेक्यावर फिरतात, सेकंदाला पन्नास. 30 मे 2024 ला देशाची मागणी 250 गिगावॅटला गेली होती. मामाचा जनरेटर शंभर किलोवॅटचा. म्हणजे पंचवीस लाखांत एक! (हा हिशेब मी तिथेच टिश्यू पेपरवर करून मामाला दाखवला. त्याने तो पेपर हात पुसायला वापरला.)

आणि इथेच गंमत आहे. एकटा चालताना तो जनरेटर राजा असतो. हॉटेलातली फ्रिक्वेन्सी तो ठरवतो, व्होल्टेज तो ठरवतो. ग्रिडला जोडला की दोन्ही हातातून गेली. डिझेल वाढवलं तर वेग वाढत नाही, फक्त तो जास्त भार उचलतो. एक्सायटेशन वाढवलं तर व्होल्टेज फारसं हलत नाही, फक्त रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर जास्त जाते. आणि डिझेल कमी पडलं तर तो बंदही पडत नाही! ग्रिडच त्याला मोटरसारखा फिरवत राहते, आपल्या पैशाने त्याचं इंजिन ढकलत. त्यासाठी रिव्हर्स पॉवर रिले लागतो, म्हणजे वीज उलटी यायला लागली की याला तोडा. थोडक्यात, पॅरललला आलेल्या जनरेटरला स्वतःचं मत नसतं. नवीन जॉइन झालेल्या फ्रेशरसारखं. काम वाढवून मिळेल, पण डेडलाइन ठरलेली आहे.

मामाच्या शेजारी नेव्हीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. भुशीच्या पुढे त्याच रस्त्याला आयएनएस शिवाजी आहे, 1945 पासून नौदलाचे इंजिनवाले तिथे घडतात, आणि त्यातले काही निवृत्तीनंतर या पावसाच्या प्रेमात पडून इथेच राहतात. काका चहाला आले आणि जनरेटरवाल्याचा रंग उतरला. कारण काकांनी आयुष्यभर हेच केलेलं. जहाजावर ग्रिड नसते, जहाज हीच ग्रिड. दोन-तीन जनरेटर कायम पॅरललला, आणि वॉचवर असलेल्या माणसाने ते हाताने जोडायचे.

"सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरला पाहिजे," काका म्हणाले. "म्हणजे आपलं मशीन किंचित पुढे. बाराला पाच कमी असताना हात स्विचवर. बारा वाजता टाकायचा नाही, ब्रेकर बंद व्हायला वेळ लागतो ना." मग मामाकडे वळून, "जोडणं सोपं आहे हो. हल्ली तर तो डबाच सगळं करतो. सोडायचं कधी, ते ह्याला विचारा."

जनरेटरवाला म्हणाला, "लाइट गेली की ट्रिप होईल ना, सर."

"कसं कळणार त्याला?"

हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. चेंजओव्हरला लाइट गेलेली लगेच कळते, कारण तारेत व्होल्टेज उरत नाही. पॅरललमध्ये लाइट गेली तरी तारेत व्होल्टेज असतंच. कोणाचं? तुमचंच! तुम्ही स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून म्हणता, हां, ग्रिड आहे. आमच्याकडे याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. क्लस्टरचे दोन तुकडे पडतात आणि दोघांनाही वाटतं की आपणच मुख्य. डेटाबेसमध्ये असं झालं तर रात्री दोनला मला फोन येतो आणि सकाळपर्यंत नोंदी जुळवत बसावं लागतं. विजेत याला आयलंडिंग म्हणतात. तिथे तारेला हात लावणारा माणूस असतो.

लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे. झाडं पडतात, फांद्या तारांवर लोंबतात. समजा अशीच एक फांदी पडली आणि सबस्टेशनात फीडर ट्रिप झाला. मामाचा जनरेटर जोडलेला आहे. तो 415 व्होल्ट देतोय, पण रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी चालतो. खालून 415 घातले की वर 11 हजार निघतात! बहुतेक वेळा अख्ख्या फीडरचा भार अंगावर पडून जनरेटर दम तोडेल आणि ट्रिप होईल. पण लाइन जर पुढच्याच खांबावर तुटली असेल, आणि मागे राहिले असतील फक्त चार बंद बंगले? मग तो मजेत चालत राहील. आणि बाहेर सगळ्यांना वाटेल, लाइट गेलीय.

सगळ्यांना म्हणजे वायरमनलासुद्धा.

योगायोग नाही, भुशी लहान आहे, त्या भागाचा वायरमन दुपारी मामाकडे चहाला आलाच. वय माझ्याएवढंच. त्याला विचारलं, चढायच्या आधी काय करतोस? म्हणाला, "एबी स्विच उघडायचा, डोळ्याने बघायचं उघडलाय का. मग दोन्ही बाजूंनी लाइन अर्थ करायची. मगच हात." थोडा थांबला. "पण दादा, एका रात्रीत सात फॉल्ट असले, वरनं पाऊस, आणि प्रत्येक हॉटेलवाला फोनवर बोंबलतोय... तेव्हा हे सगळं करायला वेळ लागतो. आणि कोणी घरातला जनरेटर उलटा सोडलाय हे आम्हाला खांबावर गेल्यावर कळतं."

मामा गप्प झाला. त्या सात फोनांतला एक त्याचा असतो.

म्हणूनच नियम कडक आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2013 साली अशा छोट्या वीजस्रोतांसाठी जोडणीचे मापदंड केले. ग्रिड गेली की दोन सेकंदांच्या आत सुटायला हवं. त्यासाठी रिले वेगळे. फ्रिक्वेन्सी किती झपाट्याने सरकतेय ते एक बघतो, लाटेने अचानक उडी मारली का ते दुसरा बघतो. वर महावितरणची परवानगी, विद्युत निरीक्षकाची तपासणी. छपरावर सोलर लावलेल्या मित्रांनो, भर दुपारी लाइट गेल्यावर तुमचा इन्व्हर्टर उन्हात ढिम्म बसतो आणि तुम्ही विक्रेत्याला शिव्या घालता ना, तो याच कारणाने बसतो. खांबावरच्या माणसासाठी. जनरेटरवाल्याच्या कोटेशनमध्ये पॅनल होतं, केबल होती, रंगसुद्धा लिहिला होता. हे रिले नव्हते. विचारल्यावर म्हणाला, "ते ऑप्शनल असतं."

(मुद्दाम केलेलं बेट ही वेगळी गोष्ट. बाहेरची ग्रिड कोसळली तर मुंबईने स्वतःला तोडून आपल्या जनित्रांवर तगावं अशी योजना आहे. 12 ऑक्टोबर 2020 ला ते बेट टिकलं नाही आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं जपलेल्या व्यवस्थेचं असं होऊ शकतं, तर मामाच्या अंगणातल्या डब्याचं काय घेऊन बसलात.)

म्हणजे पॅरलल वाईट का? मुळीच नाही. आपल्याकडचे साखर कारखाने गाळप हंगामात बगॅस जाळून वीज करतात, स्वतःपुरती वापरतात आणि उरलेली ग्रिडला विकतात, सगळं पॅरललला. पण तिथे रिले असतात, शिफ्टला माणूस असतो, आणि जोडायचं-सोडायचं सबस्टेशनशी बोलून होतं. मामाकडे रात्री माणूस असतो तो रिसेप्शनवर, आणि झोपलेला असतो.

आता खरी गोष्ट, जी मला त्या दिवशी संध्याकाळी आठवली. ग्रिडला मदत करायला ग्रिडला जोडून घ्यावंच लागतं असं नाही. हे पुण्याने 2006 साली करून दाखवलंय.

मी तेव्हा शाळेत होतो, पण भारनियमन हा शब्द तेव्हाच पाठ झाला. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटचा तुटवडा, खेड्यांत दहा-बारा तास अंधार, पुण्यातही रोज काही तास. शहराला कमी पडत होते साधारण नव्वद मेगावॅट. आणि गंमत म्हणजे पुण्यातल्या कारखान्यांच्या आवारात तेवढ्या क्षमतेचे जनरेटर लाइट जाण्याची वाट बघत उभे होते, मामाच्या अंगणातल्यासारखेच. सीआयआयच्या उद्योजकांनी प्रस्ताव मांडला, की मागणीच्या तासांना आम्ही आमचे जनरेटर चालवतो, आमच्या वाटची ग्रिडची वीज शहराला द्या. डिझेलची वीज महाग, तो फरक भरून द्या. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली. महिन्याला तीनशे युनिटच्या वर वापरणाऱ्यांवर युनिटमागे 42 पैसे रिलायबिलिटी चार्ज बसला आणि जून 2006 पासून पुण्याचं भारनियमन थांबलं. पुणे मॉडेल म्हणतात ते हेच.

यातली हुशारी बघा. कारखान्याने ग्रिडमध्ये वीज ढकलावीच लागत नाही. तिने घेतलेली वीज कमी केली की काम झालं. ग्रिडच्या हिशेबात एक मेगावॅट दिला काय आणि एक मेगावॅट सोडला काय, सारखंच. नवीन वीजकेंद्र नाही, नवीन लाइन नाही.

अर्थात याची दुसरी बाजू भुशीत बसून जास्त नीट दिसते. पुणे शहर उजळलं, मावळातल्या वाड्या अंधारातच राहिल्या. ज्यांच्याकडे पैसे आणि जनरेटरवाले शेजारी होते, त्यांनी सुटका करून घेतली. मामा अजून म्हणतो, "आमच्या डोक्यावरचं पाणी खोपोलीला पडतं आणि मुंबईला लाइट. आम्हाला मेणबत्ती." चुकीचं नाही बोलत. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचं पाणी टाटांनी सह्याद्रीवरून खाली सोडून खोपोलीचं केंद्र 1915 साली सुरू केलं ते मुंबईसाठीच. मोठी ग्रिड सगळ्यांची असते, पण कुठला स्विच कधी उघडायचा हे ठरवताना सगळ्यांना विचारत नाहीत.

असो. तर मामाला मी म्हटलं, पॅरललचं भूत डोक्यातून काढ. पुण्याने केलं तेच तू कर. थोडा भार सरळ उचलून जनरेटरवर टाक, ग्रिडवरचा आपोआप कमी होईल. काका लगेच म्हणाले, जहाजावर एक जनरेटर बंद पडला की प्रेफरेन्शियल ट्रिप होतो. आधी एसी जातात, लाँड्री जाते. सुकाणू आणि पंप शेवटपर्यंत राहतात. "तुमचं सुकाणू कुठलं आणि लाँड्री कुठली, ते आधी ठरवा."

मग कागद घेऊन बसलो. मागच्या विंगचे बारा गिझर, म्हणजे चोवीस किलोवॅट. कपडे सुकवायची यंत्रं, सोळा. झाले चाळीस. यांच्यासाठी वेगळा बसबार, वेगळा चेंजओव्हर, मध्ये इंटरलॉक. शनिवार-रविवारी साडेपाच ते आठ हा भाग जनरेटरवर, बाकी पंचेचाळीस ग्रिडवर. साठच्या आत! दोन्ही कुठेही एकमेकांना शिवत नाहीत. आणखी एक फायदा. जनरेटरवाल्याच्या योजनेत त्या शंभर किलोवॅटच्या यंत्राने पंचवीसवर रखडत चालायचं होतं, आणि डिझेल इंजिनाला इतका कमी भार मानवत नाही. अर्धवट जळलेलं तेल एग्झॉस्टमध्ये साठतं. चाळीसवर ते जरा मोकळा श्वास घेईल.

डिझेल लागणारच. लिटरला तीन-साडेतीन युनिट धरले तर युनिट पंचवीस रुपयांच्या पुढे जातं, ग्रिडच्या जवळजवळ दुप्पट. पण आठवड्यातून पाच तास. मामाने दंडाची बिलं काढून बेरीज केली, पुन्हा केली, आणि जनरेटरवाल्याला म्हणाला, "पॅनल राहू द्या. चेंजओव्हर केवढ्याला?" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गिझर दुपारी तीनलाच टायमरवर तापवून ठेवावेत, म्हणजे डिझेलही वाचेल, ही माझी आयटीवाली सूचना मात्र नामंजूर झाली. खोलीचं कार्ड काढलं की खोलीची वीज बंद, म्हणून गिझरची वायरिंग बदलावी लागेल, आणि मामा सीझनमध्ये भिंत फोडणार नाही. दिवाळीनंतर बघू म्हणाला. भार वाढवायचा अर्जही केलाय.

चेंजओव्हर बसून तीन आठवडे झाले. पहिल्या शनिवारी सव्वासहाला मामाने मीटरचा फोटो पाठवला, सत्तेचाळीस. खाली लिहिलं होतं, "दोन किलोवॅट कुठले?"

शोधतोय. बहुतेक रिसेप्शनवाल्याचा हीटर आहे.